मथुराचे थांबे

मथुरा, शुक्रवारी शाळेत तुझी शोकसभा झाली. ती वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, कारण संस्थेच्या सचिवांना यायला उशीर झाला आणि सचिव असल्याशिवाय दोन मिनिटं गप्प उभं राहणं आपल्या मुख्याध्यापकांना जमत नाही. हार आणायला सगळे विसरले. सव्वीस वर्षं या शाळेतल्या प्रत्येक पाहुण्याचा आणि प्रत्येक तसबिरीचा हार तू तुझ्या मळ्यातून आणत होतीस, त्यामुळे हार कुठून येतो याचा विचारच कुणी कधी केला नव्हता. ऐनवेळी कपाटातून चंदनाच्या सालपटांचा एक जुना हार निघाला. तो झटकून तुझ्या फोटोला घातला. फोटोही तुझ्या ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलेला. त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस.

मग भाषणं. तुला आयुष्यभर "अगं ए" म्हणून हाक मारणारे सचिव तुला "स्वर्गीय मथुराताई" म्हणाले. गाण्याच्या बाईंना हुंदका आला. त्यांनी तुझ्याशी चहात साखर कमी की जास्त यापलीकडे काही बोलल्याचं मला आठवत नाही. हे सगळं मी सोसलं, कारण शोकसभा अशाच असतात. पण शेवटी मुख्याध्यापक उठले आणि म्हणाले, "मथुराबाई उत्तम धावायच्या. आपल्या पाटणकरबाईंबरोबर त्यांनी मॅरेथॉनची तयारी केली. दुर्दैवानं ऐनवेळी त्यांचं धाडस झालं नाही. पण बाईंनी ती पूर्ण करून शाळेचं नाव उज्ज्वल केलं." मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. शोकसभा आहे हे लक्षात आल्यावर ती टाळी मध्येच थांबली.

तुझी सुरेखा पहिल्या रांगेत बसली होती. सभा संपल्यावर जिन्याजवळ तिनं मला गाठलं आणि सरळ विचारलं, "बाई, आई खरंच भ्याली होती का?" मी म्हणाले, तेव्हा मळ्यात कामं होती बहुतेक. मी पिशवी उचलून निघून आले.

वार्षिकांकात तुझ्यावर दोन पानं लिहायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिलं आहे. नोकरीला लागल्याची तारीख, निवृत्तीला उरलेली वर्षं, स्वभाव प्रेमळ, कामात चोख, अशी यादी त्यांनी स्वतःच करून दिली. यादी माझ्या हातात पडली की ती पूर्ण होते हे त्यांना माहीत आहे. ही मी पूर्ण करणार नाही. मला फक्त त्यांचं ते वाक्य दुरुस्त करायचं आहे. त्यात दोन गोष्टी खोट्या आहेत. तू घाबरलीस ही एक. मी शर्यत पूर्ण केली ही दुसरी. दोन्ही माझ्यामुळे पसरल्या आणि दुसरी तुला माहीत होती.

मी धावायला लागले ते डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवला म्हणून. तू धावायचीस ते बस वेळेवर येत नाही म्हणून. भगूरच्या पुढच्या मळ्यातून देवळाली कॅम्पातल्या शाळेपर्यंतचे सहा किलोमीटर तू साडी गुडघ्यापर्यंत खोचून, पायात पोरांचे टाकून दिलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पळत यायचीस आणि घंटेच्या आधी पोचायचीस. मी मुख्य लिपिक, तू शिपाई, हजेरीचा मस्टर माझ्याकडे. त्यात तुझ्या नावापुढे एकही लाल खूण नव्हती. तू कशी येतेस हे मात्र मला आठ वर्षं माहीत नव्हतं. एका सकाळी कॅम्पाच्या नाक्यावर मी धापा टाकत उभी होते आणि तू डब्याची पिशवी सावरत बाजूनं गेलीस. "बाई, बस चुकली का तुमचीबी?" असं विचारलंस आणि पुढं निघूनही गेलीस.

तिथून आपण दोघी. मी तुला सलवार-कमीज शिवायला लावली, बूट आणायला लावले. शर्यतीचं माझ्याच डोक्यात आलं. एका इंग्रजी मासिकात सोळा आठवड्यांच्या तयारीचा तक्ता छापून आला होता. तो मी कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. दर रविवारी लांब पल्ला: बारा, चौदा, सोळा, असं वाढत बत्तीसपर्यंत. ह्यांच्या स्कूटरच्या मीटरवर मी रस्ता मोजला. शाळेतला एक कोरा हजेरीपट घेतला आणि त्यात रकाने पाडले: अंतर, वेळ, पाणी, शेरा. शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून जाऊन तीन ठिकाणी पाण्याच्या बाटल्या लपवायच्या, लिंबू-मीठ-साखरेच्या पुड्या बांधायच्या, मांड्यांना लावायला खोबरेल, सुटे पैसे, चिकटपट्टी. पुरुष एवढी तयारी करून लढाईला जातात आणि त्यांना पदकं मिळतात.

तुझी तयारी म्हणजे तू मळ्याच्या फाट्यावर येऊन उभी राहायचीस. बस.

तुझ्याबरोबर पळणं हा शुद्ध मनस्ताप होता, हे इथे लिहून ठेवते. तू थांबायचीस. दमून नव्हे, तू कधी दमलीच नाहीस. कुणी दिसलं की थांबायचीस. हजेरीपटातला शेऱ्याचा रकाना मी आज पुन्हा वाचला. "थांबा: टोमॅटोचे क्रेट, एका बाईला हात दिला." "थांबा: गाय व्यालेली." "थांबा: मयताला गेलेल्या बाईची चौकशी." "थांबा: कारण कळले नाही." आपल्या तिसऱ्या बाटलीची जागा द्राक्षबागेच्या कडेला दगडाआड होती. दोन आठवड्यांत ती बाटली तिथून नाहीशी झाली. बागेतल्या म्हातारीला तू सांगून ठेवलं होतंस म्हणे, की बाईंचं पाणी उन्हात तापतं. म्हातारीनं ती नेऊन रांजणाच्या ओलीत ठेवली. पाणी गार झालं, हे खरं. पण ते घ्यायला आत जावं लागायचं. आत गेलं की चहा, चहाबरोबर गुळाचा खडा, गुळाबरोबर तिच्या सुनेची सगळी प्रकरणं. मी बाहेर उभी राहून घड्याळाकडे बघायचे आणि म्हातारी तुला विचारायची, "ही बाई अशी उभी का, हिला मुतायला लागलंय का?"

तू हसत हसत बाहेर यायचीस. मला तुझा राग यायचा. राग म्हणणं सौम्य झालं. मला तू बेशिस्त, अडाणी आणि वेळेची किंमत नसलेली बाई वाटायचीस, आणि मी ते तोंडावर सांगायचे. तू म्हणायचीस, "व्हय बाई." आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबायचीस.

यावर मी एक उपाय काढला आणि मला त्याचा अभिमान होता. तू थांबलीस की मी मनगटावरचं घड्याळ बंद करायचे. निघालो की चालू. त्यामुळे हजेरीपटात वेळ स्वच्छ यायची. अठ्ठावीस किलोमीटर, साडेतीन तास. तीस किलोमीटर, पावणेचार तास. तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर आपण उत्तम तयार होतो. मी पहाटे पाचला घर सोडायचे आणि परत यायचे तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असायचे. हे दोन आकडे रोज शेकडो नोंदी तपासणाऱ्या मुख्य लिपिकाच्या डोळ्यांसमोर दर रविवारी असायचे. त्यांची वजाबाकी मी एकदाही केली नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तू म्हणशील बाईंनी अर्धंच लिहिलं.

त्या रविवारांसारखं काही मला त्याआधी मिळालं नव्हतं आणि नंतरही मिळालं नाही. दारणेच्या पुलावर धुकं इतकं असायचं की तू दोन हातांवर असूनही दिसायची नाहीस, फक्त ऐकू यायचीस. कान गारठून दुखायचे आणि दहाव्या किलोमीटरला कधी दुखायचे थांबले ते कळायचं नाही. द्राक्षबागांवर फवारलेल्या गंधकाचा वास यायचा. तोफखान्याचा सराव सुरू झाला की आवाज कानाला यायच्या आधी छातीत यायचा आणि तू दर वेळी म्हणायचीस, "उठले." जणू तो लष्कराचा गजर होता. जवानांची तुकडी समोरून पळत यायची. त्यांचा हवालदार मला ओळखही द्यायचा नाही, तुला मात्र पळता पळता सलाम ठोकायचा, "राम राम ताईजी, आज कितना?" तू दोन्ही हातांची बोटं तीनदा उघडून दाखवायचीस, मग माझ्याकडे बोट करून सांगायचीस की हिशोब यांना विचारा.

अठराव्या-विसाव्या किलोमीटरनंतर आपण दोघी बोलायचं बंद करायचो. तिथे काय व्हायचं ते मला नीट सांगता येत नाही आणि सांगता न येणाऱ्या गोष्टींबद्दल मला आदर नाही. तरीही सांगते. माझ्या डोक्यात दिवसभर एक यादी चालू असते. झोपेतही असते. गॅस सिलिंडर, दहावीचे फॉर्म, सासूबाईंच्या गोळ्या, रखडलेली पत्रं. त्या टप्प्यावर ती यादी बंद पडायची. रस्ता, दोन माणसांचा श्वास आणि तुझ्या बांगड्या एवढंच उरायचं. सुरुवातीला त्या बांगड्यांच्या किणकिणाटानं मला वैताग आला होता, म्हणून मी तुला त्यांवर रुमाल बांधायला लावला होता. दोन रविवारी तू बांधलास. तिसऱ्या रविवारी मीच तो सोडला. त्या आवाजाशिवाय माझे पाय एकसारखे पडत नव्हते. तेव्हा मी तुला सांगितलं की रुमालानं हाताला घाम येतो. खरं कारण हे होतं.

तीस किलोमीटरच्या रविवारी परत येताना सायकलवरचे दोघे जण शेजारून चालले होते. त्यातला एक म्हणाला, काय मावशी, कुणाचं चोरून पळता? तू वळूनही न बघता म्हणालीस, "तुझ्या सासऱ्याचं. सोड सायकल आन् ये मागं." तो खरोखर उतरला, पन्नास पावलं पळाला आणि पोटाला हात लावून बसला. मी हसता हसता रस्त्याच्या कडेला बसले. घड्याळ बंद केलं की नाही ते आठवत नाही. माझ्या हजेरीपटात त्या दिवशीची वेळ चुकली असेल तर ती एवढीच.

शर्यतीचा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी दोन अर्ज आणले. तुझा मीच भरला, फक्त सही ठेवली. रविवारी फाट्यावर तो तुझ्यापुढे धरला. तू तो उलटसुलट पाहिलास आणि विचारलंस, "बाई, तिथं मधी थांबता येतं का?"

मी म्हणाले, शर्यत आहे ती, थांबायचं कशाला?

"मंग मला नाय जायचं."

मी तुला समजावलं, मग रागावले, मग म्हणाले की तू घाबरलीस. तू म्हणालीस, "तसं म्हना." मला उत्तर द्यायचीही तुला गरज वाटली नाही याचा मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत कुणीतरी तुझ्याबद्दल विचारलं. मी म्हणाले, भ्याली ती, शिपाई कितीही पळाली तरी शिपाईच राहते. तेव्हा तू चहाचा ट्रे घेऊन दारात होतीस. तू आत आलीस आणि नेहमीप्रमाणे पहिला कप माझ्यापुढे ठेवलास. तो चहा मी प्यायले, हेही लिहिलेलं बरं.

शर्यतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तेवढ्याच लायकीची होती. मुंबईला नणंदेकडे उतरले. पहाटे मैदानावर हजारो माणसं, ढोल, फुगे, छातीवर आकडे. पन्नास पावलं पळून फोटो काढून घेणारे लोक आयुष्यात प्रथमच पाहिले. एकानं मला फुकट साबण दिला. माझा माझ्यावर भरवसा होता, कारण माझ्याकडे हजेरीपट होता. पहिले बारा किलोमीटर मी तक्त्याच्या वेळेच्या पुढे होते. कुणी अडवत नव्हतं, कुणाची गाय व्यालेली नव्हती, आणि मला वाटलं, हे असं पळायला हवं होतं आपण. पंधराव्याला पाय जड झाले. अठराव्याला मी कुणीतरी भेटण्याची वाट बघत होते. म्हणजे थांबण्यासाठी. ते माझ्या लक्षात आलं आणि राहिलेली वजाबाकी तिथे झाली. सोळा आठवड्यांत मी सहा किलोमीटरच्या वर सलग कधी पळालेच नव्हते. प्रत्येक वेळी तू मला थांबवत होतीस. मी घड्याळ बंद करून मनगटावर फुशारकी मारत होते आणि पाय तेवढ्यात विसावत होते. एकोणिसाव्यापासून मी चालू लागले. तेविसाव्याला मागून गाडी आली, मागे पडलेल्यांना उचलणारी. तिच्यातला माणूस म्हणाला, बसा मॅडम. त्यानं जबरदस्ती केली नाही. मी बसले.

गाडी मैदानाच्या दाराशी थांबली. तिथल्या पोरींपुढे पदकांची खोकी होती आणि त्यांना ती संपवायची होती. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात त्या पदक घालत होत्या. माझ्याही घातलं. मी मान खाली केली. ते काढून परत द्यायला तीन सेकंद लागले असते. संध्याकाळी नणंदेच्या फोनवर मुख्याध्यापकांचा आवाज: पूर्ण झाली ना बाई? मी म्हणाले, झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकरोडला उतरले तर पुलाच्या पायथ्याशी अर्धी शाळा उभी. मुख्याध्यापक, गाण्याच्या बाई, दोन-तीन शिक्षक. तू मागे हार घेऊन, पिवळ्या शेवंतीचा, तुझ्या मळ्यातला. मी जिना उतरून आले. टाळ्या झाल्या. हार घालायला तुला पुढे केलं, कारण मुख्याध्यापकांना बाईमाणसाला हार घालायचा संकोच. तू हार माझ्या डोक्यावरून घेतलास, गळ्यात नीट बसवलास, आणि तो सारखा करता करता फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणालीस:

"बाई, तिसाच्या वर झाले की दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना तुम्ही कठडा धरून आडव्या उतरता. आज सरळ उतरल्या. बावीस-तेवीस झाले ना?"

तू मागे सरलीस आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्यास. मोठ्यानं वाजवल्यास. फोटोत दिसतं ते.

त्या क्षणी मला तुझ्याबद्दल जे वाटलं त्याला कृतज्ञता म्हणायला हवं. मला ती वाटली नाही. मला तुझा तिटकारा आला. घड्याळ नसलेली, हजेरीपट नसलेली बाई माझ्या पायांवरून आकडा सांगते आणि तो बरोबर निघतो. पुढच्या शनिवारी तू विचारलंस, रविवारी निघायचं का. मी म्हणाले, पाय दुखतात. त्यापुढच्या शनिवारी म्हणाले, लेखापरीक्षण आहे. तिसऱ्या शनिवारी तू विचारलं नाहीस. पाच वर्षं आपण एकमेकींशी खडू, घंटा, चहा आणि रजेचे अर्ज यावर बोललो. शाळेच्या प्रत्येक क्रीडादिनाला मला मशाल पेटवायला बोलावलं आणि मी ती पेटवली. काडेपेटी तू आणून द्यायचीस. तू कुणालाही काही सांगितलं नाहीस. मला रोज वाटायचं की आज सांगशील, आणि त्या वाटण्याबद्दलही मी तुलाच दोष द्यायचे. तुझा शेवटचा ताप चार दिवसांचा होता. त्यातले दोन शाळेला सुट्टीचे होते. मी आले नाही. सोमवारी येऊ असं यादीत लिहिलं होतं.

इथवर लिहून काल दुपारी मी तुझ्या मळ्यात गेले. सुरेखा ओट्यावर फुलं निवडत होती. मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. ती हात न थांबवता ऐकत होती. स्टेशनचा भाग आला तेव्हा मात्र तिचे हात थांबले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे छापू नका बाई."

मी विचारलं, का?

"आईनं पाच वर्षं झाकलं ते तुम्ही उघडं करताय. कशाला? तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून? आई भ्याली नव्हती एवढं लिवा, बास. तुमचं तुम्ही तुमच्यापाशी ठेवा."

तिचं म्हणणं मला पटलं असतं तर माझी सोय झाली असती. मी तिला सांगितलं, असं बघ, मी फक्त तेवढंच लिहिलं तर लोक काय म्हणतील? पूर्ण पळालेल्या बाईनं मोठ्या मनानं शिपाईणीला सांभाळून घेतलं. मुख्याध्यापक माझं आणखी एक कौतुक करतील. तुझी आई जिथे आहे तिथेच राहील आणि मी आणखी एक पायरी वर चढेन. माझं नाव खाली आल्याशिवाय तिचं वर जात नाही. आणि बरं वाटण्याचं म्हणशील, तर मला जिन्याजवळ तू प्रश्न विचारलास तेव्हापासून बरं वाटलेलं नाही आणि हे छापूनही वाटेल असं दिसत नाही.

तिनं पुन्हा फुलं निवडायला घेतली. मग तिनं विचारलं, "मग आई शर्यतीला गेली नाय ती एवढ्याचसाठी?"

मी म्हणाले, तिनं मला विचारलं होतं की तिथे मध्ये थांबता येतं का. मी नाही म्हणाले.

यावर सुरेखा हसली, मथुरा. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली असावी, कारण आतून तिची आजी बघायला बाहेर आली. "ती बाजारातनं तरी कधी येळेवर आली का," ती म्हणाली, "एक जुडी इकायला निम्मं गाव बोलून यायची." मग डोळे पुसून ती कामाचं बोलली. तिची एकच अट. शाळेत सगळे तिच्या आईला नुसतं मथुरा म्हणायचे, मस्टरवरसुद्धा. लेखात पूर्ण नाव यायला हवं, आणि ते माझ्या नावाच्या वर.

मुख्याध्यापक हे वार्षिकांकात घेणार नाहीत, ते मी त्यांच्याकडे नेण्याआधीच मला ठाऊक आहे. शाळेची प्रतिमा वगैरे म्हणतील. म्हणून त्यांना अंकासाठी एक प्रत देईन आणि दुसरी उद्या दहा वाजता काचेच्या सूचनाफलकात लावेन. त्याची किल्ली माझ्याकडेच असते. सुरेखाला साडेदहाला बोलावलं आहे. चहा मी करणार आहे.

श्रीमती मथुराबाई निवृत्ती जाधव घाबरल्या नव्हत्या. त्यांना थांबता येईल अशा वाटेनं पळायचं होतं आणि तशी वाट त्यांच्याकडे होती.

मी, विजया पाटणकर, मुख्य लिपिक, बेचाळीस किलोमीटर पळालेले नाही. तेवीस पळाले. त्यांतले शेवटचे चार चालले.